प्रत्येक बंदराला कारण हवं



जहाजाची सहल निवडताना बहुतेक जण आधी जहाजच बघतात. किती मजली आहे, खोलीला बाल्कनी आहे का, नाटकं-गाणी कसली असतात. आमच्या घरी यंदा नॉर्वेच्या फियोर्डची सहल ठरवायला बसलो तेव्हा आत्याबाईंनी जहाजाचं नावसुद्धा विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "थांबतं कुठे कुठे? आणि तिथे कशासाठी?" या दुसऱ्या प्रश्नाने आमचं सगळं काम सोपं केलं. तुमच्यापैकीही काही जणी अशा सहलीचा विचार करत असाल, म्हणून सविस्तर लिहिते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर. पाचगणीत तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला. हिमनदीने कोरलेली आणि मग समुद्राचं पाणी आत शिरलेली खोल, अरुंद दरी म्हणजे फियोर्ड, असं त्यांनी कितीतरी वर्गांना फळ्यावर आकृती काढून सांगितलं. स्वतः मात्र एकही फियोर्ड पाहिला नाही. येत्या चातुर्मासापासून त्या दिग्व्रत घेणार आहेत. पूर्वेला सम्मेदशिखर, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ आणि उत्तरेला हस्तिनापूर, या सीमेपलीकडे मग जायचं नाही. म्हणजे फियोर्ड पाहायचा तर आत्ताच. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायला जागाच नाही.

दिग्व्रत आपल्याला माहीत असतं, पण ते बहुतेक पाठशाळेत पाठ केलेलं असतं. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी दिशांची मर्यादा कशाने आखायची तेही सांगितलं आहे: समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश आणि योजनांची मोजणी. पुढे अनर्थदंडाच्या प्रकरणात विनाकारण भटकणं आणि दुसऱ्याला भटकायला लावणं हे प्रमादचर्येत धरलं आहे. आत्याबाईंनी तीच कसोटी लावली. प्रवास करायला हरकत नाही, पण ज्या ठिकाणी जायचं त्याचं कारण सांगता आलं पाहिजे. कारण सांगता येत नसेल, तर ते ठिकाण आपलं नाही.

आता तारखांचं गणित. आम्ही पर्यटकांना खोल्या देतो. एप्रिल-मे हा पाचगणीचा हंगाम, तेव्हा घर सोडता येत नाही. जूनमध्ये पाऊस लागला, धुकं उतरलं की खोल्या रिकाम्या होतात. दुसऱ्या बाजूला आषाढ शुद्ध अष्टमीपासून अष्टाह्निका पर्व आणि चतुर्दशीला चातुर्मास स्थापना. पुढे भाद्रपदात दशलक्षण पर्व. म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून आषाढ शुद्ध सप्तमीपर्यंतचाच काळ आमच्या हातात. फियोर्डसाठी हा काळ चांगलाही आहे. तिथले धबधबे मुख्यतः वितळणाऱ्या बर्फावर वाहतात, त्यामुळे मे ते जुलै ते भरून असतात. ऑगस्ट संपता संपता काही अगदी बारीक होतात. आपला लिंगमळा पावसावर जगतो, तिकडचे धबधबे उन्हावर.

पण याच दिवसांत तिकडे रात्र जवळजवळ नसते. बर्गनला जूनच्या शेवटी सूर्य पहाटे चारनंतर उगवतो आणि रात्री अकरानंतर मावळतो. आणखी उत्तरेला नॉर्डकॅप या टोकावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो मावळतच नाही. सूर्यास्ताच्या दोन घडी आधी जेवण आटोपणाऱ्या बाईने तिथे काय करायचं? सांगलीहून वन्सं आल्या होत्या. त्यांची लेक म्हणाली, "आजी, मजा आहे तुझी! रात्री बारालासुद्धा जेवता येईल." आत्याबाई हसल्या. म्हणाल्या, "सूर्य मावळला नाही म्हणून भूकही मावळायची नाही का?"

त्यांचं म्हणणं मला पटलं. रात्रीभोजन त्यागामागे अंधारात न दिसणाऱ्या जीवांची हिंसा टाळणं आहे, तसंच दिवसाला कुठेतरी थांबवणंही आहे. उजेड संपला नाही तर पहिलं कारण कमी होईल, दुसरं तसंच राहतं. त्यांनी स्वतःपुरता नियम केला: जहाजाच्या घड्याळात संध्याकाळी सातच्या आत पाण्यासकट सगळं आटोपायचं, मग आभाळात काहीही असो. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य साधारण सातच्या पुढे मावळतो, त्याच्याशी हे जवळ जातं. तुमचा नियम वेगळा असेल. तो तुमच्या महाराजांना किंवा माताजींना निघण्याआधी विचारून ठेवा. तिकडे गेल्यावर उजेडाकडे बघत ठरवायला बसलात तर काहीच ठरणार नाही.

आमच्यासमोर तीन याद्या होत्या.

पहिली इंग्लंडच्या साउदॅम्प्टनहून निघणारी: स्टाव्हांगर, ओल्डेन, ओलेसुन्ड, बर्गन. दुसरी जर्मनीच्या कीलहून निघणारी: कोपनहेगन, हेलेसिल्ट आणि गेइरांगर, ओलेसुन्ड, फ्लोम. तिसरी हॅम्बुर्गहून निघणारी आणि दोन आठवड्यांची: बर्गन, मग थेट उत्तरेला ट्रॉम्सो आणि नॉर्डकॅपसाठी होनिंग्सवोग.

वन्संचं मत चौथंच होतं. १८९३ पासून चालणारी हुर्टिगरुटेन ही किनाऱ्याची बोट बर्गनहून किर्केनेसला जाताना ३४ बंदरं घेते. "चौतीस बंदरं, वहिनी! एवढी कोण दाखवतं?" पण त्यातली कित्येक बंदरं रात्री-अपरात्री लागतात आणि काही ठिकाणी बोट माल उतरवण्यापुरती थांबते. आपली एसटी वाटेत किती थांबे घेते यावरून आपण गावं पाहिली असं म्हणत नाही. चौतीस वेळा "कशासाठी?" विचारायचं म्हटल्यावर वन्संनीच तो कागद बाजूला ठेवला.

तिसऱ्या यादीचा निकाल लवकर लागला. नॉर्डकॅप म्हणजे समुद्रात घुसलेला ३०७ मीटर उंचीचा कडा. बंदरावरून तिथे बसने जायचं. मध्यरात्रीचा सूर्य पाहायला लोक जगभरातून येतात आणि ज्यांना तो पाहायचा आहे त्यांच्यासाठी तेच कारण पुरेसं आहे. आत्याबाईंचं कारण फियोर्ड हे होतं. "टोक गाठलं एवढं सांगण्यासाठी टोकाला जायचं नाही," त्या म्हणाल्या. शिवाय वयस्कर माणसाला आठवडाभर अंधारच दिसला नाही तर झोपेचे हाल होतात.

खरा पेच पहिल्या दोन याद्यांत होता. पहिल्या यादीतल्या स्टाव्हांगरजवळ प्रेकेस्टोलेन हा सपाट माथ्याचा कडा आहे, लिसेफियोर्डच्या पाण्यापासून ६०४ मीटर उंच. टेबल लँडच्या कडेला उभं राहिलेल्या आपल्याला त्याची कल्पना येते. पण वर जायला जाऊन-येऊन आठ किलोमीटर चढ-उतार चालावं लागतं, तेही खडकांतून. आत्याबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणारं नाही. गावात पांढरी लाकडी घरं सुंदर आहेत आणि जहाज त्यांच्या शेजारीच लागतं. तिथलं एक प्रसिद्ध संग्रहालय मात्र सार्डिन मासे डब्यात भरण्याच्या धंद्याचं आहे. ते आपल्यासाठी नाही.

ओल्डेनने मात्र आत्याबाईंना थांबवलं. तिथून ब्रिक्सडाल हिमनदीकडे जाता येतं. युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात मोठी हिमनदी म्हणजे योस्टेडाल, तिचाच हा एक फाटा. गेल्या काही दशकांत तो बराच मागे सरकला आहे. ज्या बर्फाने फियोर्ड कोरले, तो बर्फ डोळ्यांनी पाहायला मिळणार, हे भूगोलाच्या बाईंसाठी लहान कारण नव्हतं. दोन दिवस त्या गप्प होत्या. वाटेत लहान गाड्या मिळतात, पण शेवटचा टप्पा चालावाच लागतो. साउदॅम्प्टनहून जायचं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि नॉर्वेसाठी शेंगेनचा वेगळा. जाता-येता उत्तर समुद्रातले दिवसही वाढतात आणि तो समुद्र खवळलेला असू शकतो. शेवटी त्या म्हणाल्या, "कोरणारा नाही दिसला तरी चालेल. त्याने कोरलेलं बघू."

म्हणून दुसरी यादी ठरली. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे कील किंवा कोपनहेगनहून निघालं तर एकाच व्हिसावर भागतं. आणि आत्याबाईंना हवे ते दोन्ही फियोर्ड या एका यादीत बसतात. गेइरांगरफियोर्ड आणि नॅरॉयफियोर्ड हे दोन्ही २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आपलं कास पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये त्याच यादीत आलं.

गेइरांगरचं कारण सगळ्यात सरळ आहे. तिथे जहाज स्वतःच फियोर्डमधून जातं. सुमारे पंधरा किलोमीटर लांबीच्या त्या चिंचोळ्या पाण्यात दोन्ही बाजूंना कडे आणि 'सात बहिणी' नावाचा धबधबा. चालायचं काहीच नाही, डेकवर खुर्ची टाकून बसायचं. पण इथे दोन गोष्टी विचारून घ्या. जहाज फियोर्डमध्ये दिवसा शिरतं की पहाटे तुम्ही झोपेत असताना? आणि कागदावर 'हेलेसिल्ट, गेइरांगर' असं जोडून लिहिलं असेल तर मुक्काम नक्की कुठे आहे? काही जहाजं हेलेसिल्टला थोडा वेळ थांबून पुढे गेइरांगरला जातात, काही हेलेसिल्टलाच राहतात.

तिसरीही एक गोष्ट आहे, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी ती पहिली समजा. जहाज धक्क्याला लागतं की पाण्यात नांगर टाकून उभं राहतं? नांगर टाकलं तर लहान बोटीत उतरावं लागतं. हलणाऱ्या बोटीत पाय टाकायला आत्याबाई घाबरतात. वारा सुटला तर असा थांबा रद्दही होतो. गेइरांगरला मोठ्या जहाजांसाठी नेहमीचा धक्का नाही. लहान बोटी किंवा तरंगता पूल असतो. आम्ही ठरवलं की बोटीने उतरावं लागलं तर आत्याबाई वरच बसतील. फियोर्ड तर तिथूनच दिसतो.

फ्लोमला उलट आहे. जहाज गावातच धक्क्याला लागतं आणि रेल्वे स्टेशन चार पावलांवर. हा सोग्नेफियोर्डच्या एका फाट्याचा शेवट. सोग्नेफियोर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आणि सगळ्यात खोल जागी सुमारे १,३०० मीटर खोल आहे. हा आकडा मुद्दाम लिहिते, कारण आपली पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण तेवढीच उंच आहे. पारसी पॉइंटवरून कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी बघताना मी आता मनात हिशेब करते की आपण उभ्या आहोत तिथपासून थेट समुद्रसपाटीपर्यंत जेवढं अंतर, तेवढं तिथे नुसतं पाणी.

फ्लोमला घरात वाद झाला. ह्यांना रेल्वेत बसायचं होतं. २० किलोमीटरचा मार्ग, २० बोगदे, समुद्राच्या पातळीवरून ८६६ मीटरवरच्या मिरडालला तासाभरात चढणारी गाडी. पसरणी घाटाच्या माणसाला घाटाचं आकर्षण असायचंच. आत्याबाईंना नॅरॉयफियोर्ड हवा होता. तो सर्वांत अरुंद जागी जेमतेम २५० मीटर रुंद आहे, मोठी क्रूझ त्यात शिरत नाहीत. फ्लोमहून गुडवांगेनला त्यातून जाणारी बोट मिळते, २०१८ पासून पूर्ण विजेवर चालणारी. धूर नाही, इंजिनाचा आवाज नाही. सुमारे दोन तासांचा प्रवास, परत यायला बस. "अहो आई, रेल्वेचं कारणही कारणच आहे की," हे म्हणाले. "मग तू जा रेल्वेने," त्या म्हणाल्या. कारण ज्याचं त्याचं. हे रेल्वेने जातील, आम्ही दोघी बोटीने.

विजेच्या बोटीचा विषय निघाला म्हणून सांगते. एवढं मोठं जहाज, एवढं इंधन, या आरंभाचं काय, हा प्रश्न मला आलाच. अरुंद दरीत जहाजांचा धूर साचून राहतो. नॉर्वेच्या संसदेने २०१८ मध्ये ठरवलं की वारसा यादीतल्या फियोर्डमध्ये प्रदूषण न करणारीच जहाजं चालावीत. दहा हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना हा नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला, मोठ्या जहाजांना २०३२ पासून लागेल. म्हणजे आम्ही जाणार ते जहाज सवलतीतलंच असणार. आत्याबाईंनी हे ऐकून घेतलं आणि सहल नऊ दिवसांऐवजी सातच रात्रींची घ्यायला सांगितली. दोष नाहीसा होत नाही, पण माप ठेवता येतं.

गर्दीचंही तसंच. गेइरांगर गावात बारा महिने राहणारी माणसं दोन-अडीचशे. तिथे एका जहाजातून हजारो उतरतात. मे महिन्यात आपल्या बाजारातून चालायला वाट मिळत नाही तेव्हा कसं वाटतं हे पाचगणीकरांना सांगायला नको. कोणत्या दिवशी किती जहाजं येणार याची यादी ही बंदरं आधी जाहीर करतात. ज्या दिवशी एकच जहाज आहे ती तारीख निवडता येते. आपल्यालाही शांतता, त्यांनाही.

राहिलं ओलेसुन्ड. २३ जानेवारी १९०४ च्या आगीत हे गाव जवळजवळ सगळं जळालं आणि मग दगड-विटांत, त्या काळच्या नक्षीदार शैलीत नव्याने उभं राहिलं. ह्यांना जुन्या इमारतींची आवड, ते उतरतील. डोंगरावरून गाव बघायला ४१८ पायऱ्या आहेत, मीही चढेन. आत्याबाईंना तिथे काही कारण नाही. माणसं उतरली की जहाज रिकामं आणि शांत होतं, तेव्हा त्या सामायिक करणार आहेत. जहाज धक्क्याला लागलं म्हणजे उतरलंच पाहिजे, असं कुठे आहे? आपण पैसे भरलेत म्हणून आपण उतरतो, बऱ्याचदा तेवढंच कारण असतं.

जेवणाचं थोडक्यात सांगते, कारण फोनवर सगळ्या जणी तेच विचारतात.

जैन जेवण अनेक जहाजांवर आधी कळवलं तर मिळतं. तिकीट काढतानाच लेखी घ्या. तिकडे शाकाहारी म्हटलं की अंडं, चीज चालतं असं धरतात. 'व्हेगन' म्हणा, म्हणजे अंडं, जिलेटिन, मध आपोआप जातं. मग कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मशरूम नको हे वेगळं सांगा. संध्याकाळच्या जेवणाची पहिली पंगत मागून घ्या, ती बहुधा साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असते.

आपल्याकडून जाताना दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणून तूप, पेढे, खवा घरीच. खाकरे, मेतकूट, कोरडी चटणी, लसूण न घातलेलं भडंग चालेल. जहाजावर पाकीटबंद पदार्थांना सहसा हरकत नसते, घरी शिजवलेल्याला असते, आधी विचारा. पाणी गाळायचं फडकं सोबत ठेवाच. बंदरावर हमखास भरवसा ठेवावा तो फळांवर. आपली स्ट्रॉबेरी मेमध्ये संपते आणि तिकडची जूनच्या शेवटी सुरू होते, हे कळल्यावर आमच्या घरात फारच आनंद झाला.

आठ दिवसांत अष्टमी किंवा चतुर्दशी बहुधा येतेच. पंचांग आणि जहाजाचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. आम्ही अशी तारीख घेतली की आत्याबाईंचं एकाशन जहाज दिवसभर समुद्रात असेल त्या दिवशी येतं. बंदराच्या दिवशी शक्ती राहते.

आत्याबाईंच्या नियमाच्या वहीत चार दिशांची चार तीर्थं लिहिलेली आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी खाली एक ओळ वाढवली. ठरावीक मुदतीपुरती सीमा म्हणजे देशव्रत, तसं ते लिहिलं आहे: वायव्येला गेइरांगरपर्यंत, आषाढ शुद्ध सप्तमीपर्यंत. त्यानंतर ती दिशा त्यांच्यासाठी बंद. मी विचारलं, वाईट नाही का वाटणार? म्हणाल्या, "पाहायचं होतं ते एकच होतं. चार गावं उगाच पाहिली असती तर आणखी चारांची हाव लागली असती."

तुमच्या घरात अशी कुठली यादी समोर असेल तर आधी प्रत्येक नावापुढे कारण लिहून बघा. आणि ज्यांनी जून-जुलैत त्या बाजूला जाऊन आपले नियम पाळले आहेत, त्यांनी कसे पाळले ते जरूर कळवा. आमच्या बॅगा अजून भरायच्या आहेत.

जय जिनेंद्र.